दाजींची दुधाची बटणं

दाजी, शेवटचा सदरा तुम्हाला मी घातला. आक्का म्हणाली, "पांढरा घाल, तू शिवलेला." घातला. गळ्याचं बटण लावायला गेलो आणि बोटं तिथंच थांबली. बटण तुम्ही केलेलं होतं, दुधाचं, जुन्या हस्तिदंतासारखं पिवळसर, आणि त्याला दोनच भोकं होती. भोवतीच्या लोकांना वाटलं, मेहुण्याला भरून आलं. खरं सांगू? मला राग आला होता. चार वर्षं मी तुमच्याशी भांडलो. दाजी, बटणाला चार भोकं पाडा, दोन भोकांचं बटण टिकत नाही, दोरा एकाच रेघेत ओढला जातो, बटण तुटतं आणि शिव्या शिंप्याला पडतात. तुमचं उत्तर ठरलेलं. "चार भोकं पाडणं सोपं न्हाई, बाळू." जाताना गळ्याशी दोन भोकांचंच बटण लावून गेलात. वादात शेवटचा शब्द तुमचा.

आता मी बोलतो. तुम्ही मधे तोंड घालू शकत नाही, अशी संधी मला आयुष्यात पहिल्यांदा मिळते आहे. आणि एक गोष्ट चार वर्षं पोटात ठेवली आहे, ती आज काढायची आहे. पण मी सरळ मुद्द्यावर आलो तर तुम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं वाटेल, म्हणून जरा फिरून येतो.

तुम्हाला न पाहिलेल्यांसाठी एवढंच सांगतो. कुंडलच्या बाजूला तुमच्या गावात दूध संस्थेची एक खिडकी होती आणि त्या खिडकीत तुम्ही होता. वस्त्यावस्त्यांवरून बायका चरव्या घेऊन यायच्या. तुम्ही प्रत्येकीचं थोडं दूध काचेच्या नळीत घ्यायचात, स्पिरिटच्या दिव्यावर धरायचात आणि बघायचात. उकळून दूध दूधच राहिलं तर चरवी आत. फाटलं तर चरवी मागं. गावात तुम्हाला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचे तुम्ही टेस्टर. माझे तेवढे दाजी, आणि सांगलीहून एसटीनं येऊन तुमची चेष्टा करण्याचा हक्क मला धाकटा मेहुणा म्हणून जन्मसिद्ध मिळालेला.

उन्हाळ्यात लांबच्या वस्तीवरून येईतो दूध आंबायचं. परत मिळालेलं दूध बायका संस्थेच्या मागच्या चरीत ओतायच्या आणि तुम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत घरी जायच्या. चर पांढरी व्हायची. त्या दिवशी तुम्ही भाकरी अर्धी टाकायचात. हे मला आक्कानं सांगितलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. तुमचे डोळे मात्र कायम पाणावलेले असायचे आणि गाव म्हणायचं, टेस्टर लय मायाळू. ते पाणी फॉर्मालिनच्या वाफेनं यायचं, हे गुपित मी कुणाला सांगितलं नाही. बघा, काही गुपितं मलाही राखता येतात!

त्या फॉर्मालिननंच सगळं घडवलं. तपासणीसाठी ठेवलेले नमुने नासू नयेत म्हणून त्यांच्या बाटल्यांत ते चार थेंब टाकायची रीत होती. एका बाटलीतलं दूध आंबून फाटलं, बाटली खिडकीच्या फळीवर मागं सरकली आणि घाईत तिच्यात फॉर्मालिन दोनदा पडलं. पुढं महिने गेले. बाटली फोडली तेव्हा आतून निघाला एक खडा. दुसरा कुणी असता तर त्यानं तो चरीत फेकला असता. तुम्ही तो रुमालात बांधून एसटीनं सांगलीला माझ्या दुकानात आलात. टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "काप." मी कात्री लावली, कात्रीला दात पडला.

"म्हशीचं शिंग का हो दाजी?"

"म्हशीचंच. पर शिंग न्हवं, दूध हाय."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. माझ्या कानामागची खडूची कांडी तुम्ही मला न विचारताच काढून घेतलीत आणि गिऱ्हाइकाच्या पँटच्या कापडावर, माझ्या डोळ्यांदेखत, वेटोळी काढू लागलात. "तुझ्या भाषेत सांगतो. दुधात केसिन म्हणून एक प्रथिन असतंय. म्हंजे लांब लांब दोरं, असं गुंडाळून पाण्यात तरंगत्यात. आंबट पडलं की ती गुंडाळी एकमेकांना चिकटत्यात. त्येला आपण दूध फाटलं म्हणतो. आता फॉर्मालिन काय करतंय? ह्या दोऱ्यास्नी एकमेकांशी टाकं घालतंय. आडवं, उभं, सगळीकडनं. एकदा टाकं पडलं की संपलं. ब्रह्मदेव आला तरी त्येचं परत दूध हुत न्हाई."

कापड वाया गेलं, पण रसायनशास्त्र मला कळलं. शाळेत कळलं नव्हतं, कारण तिथं कुणी टाके घालून दाखवले नव्हते.

मग तुमचा उद्योग सुरू झाला. पहिली बटणं तुम्ही साय न काढता केलीत. ती मऊ झाली आणि त्यांना मुंग्या लागल्या. आक्का म्हणाली, साखरेच्या डब्याभोवती ठेवते तसं आता कपड्यांभोवतीही पाणी ठेवायचं का? मग साय आधी काढायची हे ठरलं. फाटलेला चोथा कोमट पाण्यानं पाच-सहा वेळा धुवायचा, फडक्यात बांधून जात्याच्या तळीखाली दाबायचा, थोडा वाळला की कुपवाडच्या कारखान्यात करून आणलेल्या साच्यानं चकत्या पाडायच्या, आणि चकत्या फॉर्मालिनच्या बरणीत बुडवून विसरून जायच्या. विसरणं महत्त्वाचं, असं तुम्ही म्हणायचात. तीन आठवडे तरी.

मला विसरता येईना. आमच्या हौशी मंडळाच्या नाटकात राजाचा अंगरखा मी शिवला होता, आणि राजाही मीच होतो. तुमच्या बरणीतून मी तिसऱ्याच दिवशी आठ चकत्या पळवल्या. रंगमंचावर त्या हिऱ्यासारख्या दिसल्या. मग अंगरखा परटाकडे गेला, त्यानं तो भट्टीत उकळला आणि दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून पेठेला ऐकू जाईल असं ओरडला, "आवं शेट, धुवायला अंगरखा दिलाय का पेढं?" आठ बटणं फुगून मऊ झाली होती. एक तर त्यानं चाखूनही पाहिलं होतं. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. "टाकं पुरं पडायच्या आधी कापड उसवलंस, बाळू," एवढंच म्हणालात. शिंप्याला यापेक्षा मोठी शिवी नाही.

आपला दुसरा वाद तेव्हाचाच. दुकानात टेरिलीनचा ढीग लागला होता. मी ते विकत होतो, त्यावर पोट भरत होतो आणि त्याला खोटं कापड म्हणत होतो. तुम्ही चिडायचात. "खोटं कशानं? जमिनीखालच्या तेलातनं काढलंय. रेयॉन लाकडाच्या लगद्याचं. आपल्या इस्लामपूरकडं उसाची मळी निघती, तिचं स्पिरिट, स्पिरिटाचं ॲसिड, त्या ॲसिडात कापूस घालून रेशमागत कापड हुतंय. आभाळातनं काय पडलंय ह्यातलं? समदं हितलंच. मधी माणसाचं डोकं लागलं, म्हणून खोटं व्हय? मग भाकरी पण खोटी म्हण. शेतात भाकरी उगवती का रं?"

मी म्हणायचो, भाकरीला घाम टिपता येतो, टेरिलीनला येत नाही. तो वाद अर्धा राहिला. माझ्या मते मी जिंकत होतो. तुमचं मत आता कळायची सोय नाही.

पण दाजी, दुसऱ्या खेपेची बटणं मी हातात घेतली तो दिवस मला आठवतो. हळदीच्या पाण्यानं पिवळी केलेली, काजळीनं काळी केलेली, राखेनं घासून चमकवलेली. चार भोकं. हो, तेव्हा चार होती. मी ती दाताखाली धरली, उन्हात धरली, काचेवर टाकून आवाज ऐकला. चरीत जाणारं दूध होतं ते. तुम्ही ते चरीतून काढून माणसाच्या छातीवर आणून ठेवलंत. मी तोंडानं म्हणालो, बरी आहेत. मनात म्हणालो ते आज सांगतो. मला वाटलं, या माणसाच्या घरात माझी बहीण आहे, ती नशीबवान आहे.

आता ती पोटातली गोष्ट.

पुढच्या उन्हाळ्यात परत गेलेलं दूध बायका चरीत न ओतता तुमच्या हंड्यात ओतू लागल्या होत्या. काम छान चाललं होतं. अशात तुमच्या गावचा एक गडी पँट न्यायला माझ्या दुकानात आला. काजं व्हायची होती, गिऱ्हाईक बसलेलं, आणि मला माहीत आहे की गिऱ्हाईक बसलं की माझ्या जिभेला मशीनसारखं पायडल लागतं. मी त्याला रंगवून सांगितलं, "तुमच्या टेस्टरची ताकद तुम्हाला माहीत नाही. आता ते नळीबिळी वापरत नाहीत. म्हशीकडं नुसतं रोखून बघतात, की कासेतच बटणं तयार! चार भोकांसकट!" आणि मी म्हैस करून दाखवली, तुमचीही नक्कल केली, पाणावलेल्या डोळ्यांसकट. सगळं दुकान लोळलं. तो गडीही लोळला, आणि ती गोष्ट घेऊन गावाला गेला.

गोष्ट एसटीनं जाते तेव्हा वाटेत हसू उतरून जातं. गावात पोचली ती एवढीच, की टेस्टरला बटणांसाठी दूध लागतं, म्हणून तो चांगलं दूध नासलं म्हणतो.

आठवड्यानं मी आक्काकडे आलो तो नेमका त्या सकाळी. खिडकीपुढं पंधरा-वीस बायका उभ्या होत्या आणि पुढं हौसाबाई. मळ्यातल्या वस्तीवरून रोज पहाटे चालत येणारी, एक म्हैस, एक लेक, तो लष्करात. तिची चरवी तुम्ही त्या हंगामात चार वेळा परत केली होती. ती हात नाचवून ओरडत होती, "ह्या टेस्टरच्या खिडकीला दूध घालू नगासा गं बायांनो! ह्येनं बघितलं की कासंतच बटनं व्हत्यात, चार भोकांसकट!"

दाजी, मी नाटकात अनेकदा संवाद विसरलो आहे. पण माझाच संवाद दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ तेव्हाच आली. मी खिडकीसमोरच्या आक्काच्या दारामागं उभा राहिलो. राजाचा अंगरखा घालणारा मी, दारामागं.

तीन दिवस तुमच्या खिडकीवर चरवी आली नाही. संस्थेची पंचमंडळी चौकशीला बसणार असं कळलं. नोकरीचं तुम्हाला वाटत नव्हतं. आक्कानं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "नोकरी गेली तर जाऊ दे. पर मी खोटं बोललो असं हौसाबाईला वाटतंय, त्येचं काय करू?" मी समोर ताटावर बसलो होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. भाजीत मीठ जास्त आहे, असं म्हणालो.

चौथ्या दिवशी तुम्ही खिडकी बंद केलीत. स्पिरिटचा दिवा, नळ्यांचा स्टँड, चिमटा, सगळं बाहेर आणून पाराच्या कट्ट्यावर मांडलंत. मला वाटलं, आता भाषण होणार. मी असतो तर तासभर सोडलं नसतं. तुम्ही हौसाबाईला चिमटा दिलात.

"आजपास्नं जिचं दूध, तिच्या हातात नळी. मी लांब बसतो."

"माजं दूध कालच्यापरमानंच चांगलं हाय," ती म्हणाली.

"मग दाव की."

ती नळी दिव्यावर धरून बसली. पार सगळा वाकून बघत होता. मी तर देवाला सांगत होतो, हिचं फाटू दे. मग वाटलं, नको, बाईचं एका दिवसाचं दूध जाईल. मग वाटलं, पण दाजींची अब्रू. देवही वैतागला असेल. नळीत बारीक कण दिसू लागले. मग गुठळ्या. मग हिरवट पाणी वेगळं आणि चोथा वेगळा.

हौसाबाईनं नळी उन्हात धरली, हलवली, वास घेतला. "फाटलं गं बाई," ती हळूच म्हणाली. "माजंच फाटलं." मग तुमच्याकडं न बघता ती शेजारणीवर ओरडली, "तू काय बगतीस? आन तुजं!" आणि शेजारणीची नळी दिव्यावर धरली. ते दूध चांगलं निघालं. त्या दिवशी सगळ्या दुधाची परीक्षा हौसाबाईनं केली आणि तुमच्यापेक्षा कडक केली. स्वतःची चरवी तिनं स्वतःच्या हातानं तुमच्या हंड्यात रिकामी केली आणि म्हणाली, "टेस्टर, ह्येची सा बटनं माज्या सुभानाच्या बंडीला. आन चांगली घट करा, तिकडं बरफ असतंय."

ती बंडी मी शिवली. मजुरी घेतली नाही, आणि का घेत नाही ते विचारल्यावर मी काजांबद्दल बोलत बसलो. पुढं सुभानाचं पत्र आलं, ते तिनं पारावर वाचून घेतलं. बंडी ऊबदार आहे, मित्र विचारतात बटणं कसली. हौसाबाईनं उत्तर लिहायला सांगितलं, "चावून बग म्हनावं, घरचं दूध हाय."

जिचं दूध तिच्या हातात नळी, ही पद्धत तुमच्या गावात अजून चालू आहे. परवा तुमची खिडकी बंद होती, तरी कट्ट्यावर दिवा लागला होता. एवढं एक सांगायचं होतं, सांगितलं.

त्या उन्हाळ्यानंतर मला तुमच्याकडून बटणांची पहिली पुडी आली तिच्यात बटणांना दोन भोकं होती. मी म्हणालो, दाजी हे काय? तुम्ही म्हणालात, चार भोकं पाडणं सोपं न्हाई. आणि आपला चार वर्षांचा वाद सुरू झाला. मी तुम्हाला आळशी म्हणालो. कंजूष म्हणालो. दिवाळीत सगळ्यांसमोर तुमची नक्कल केली, गिरमिट हातात घेऊन दोन भोकांनंतर दमून झोपणारे टेस्टर. तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसलात.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर आक्कानं मला आत बोलावलं. हातात औषधाचा पत्र्याचा डबा दिला. आत बटणांच्या चकत्या होत्या. पक्क्या, घासलेल्या, काचेसारख्या. भोक एकीलाही नव्हतं. प्रत्येकीवर पेन्सिलीनं चार बारीक ठिपके काढलेले होते.

"हे काय, आक्का?"

"तुझी हायत. दर साली नवी करून ठेवायचे. म्हणायचे, बाळू येऊन सांगंल, त्या दिवशी त्याच्यासमोर पाडतो."

"काय सांगंल?"

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा आठ वर्षांचा झालो. "हौसाबाई पहिल्या दिवशी ओरडली ना, 'चार भोकांसकट', तवाच घरात येऊन हसले. पोट धरून. म्हणाले, ह्यो टाका आपल्या बाळूचा हाय. दुसऱ्या कुणाला असं बोलता यायचं न्हाई."

"मग मला का नाही बोलले?"

"मी म्हणलं, मी झाडते त्याला. तर म्हणाले, नगं. ओरडलीस तर तोंड शिवून घेईल त्यो. मग दिवाळीला आपण फराळाचं काय नुसतं खात बसायचं व्हय?"

दाजी, तुमची अब्रू पारावर उकळायला लागली होती, आणि तुम्हाला काळजी कशाची, तर माझ्या गोष्टी बंद पडतील याची. मी ताटावर बसून मिठाबद्दल बोलत होतो तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. नक्कल करत होतो तेव्हाही ठाऊक होतं. चार वर्षं तुम्ही मला दर पुडीत दोन भोकं कमी देऊन आठवण करत होता, आणि मी मूर्ख दोऱ्याच्या ताकदीवर व्याख्यान देत होतो.

तर ऐका. ती गोष्ट मी सांगितली. दूध तुम्ही नासवलं नव्हतं, मी नासवलं. हौसाबाईंना हा लेख कुणीतरी वाचून दाखवीलच, तेव्हा पुढचा महिनाभर मी गावाकडं फिरकत नाही. पण गोष्टी सांगणं बंद करणार नाही. ते तुम्हीच वाचवून ठेवलं आहे. तुमचं नाव घेऊन सांगीन, आणि यापुढं या गोष्टीत दारामागं उभा असलेला माणूसही येईल.

काल दुकानात शटर अर्धं ओढून गिरमिट घेतलं आणि डब्यातली पहिली चकती फळीवर धरली. तुमच्या ठिपक्यांवरून पहिलं भोक पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याला घाम आला. चौथ्याला चकती कडेपासून चिरली.

चार भोकं पाडणं खरंच सोपं नाही, दाजी.

ते बटण टाकलं नाही. माझ्या सदऱ्याच्या गळ्याला लावलं आहे, तीन भोकांत दोरा घालून. सकाळपासून तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, शेट, हे असलं बटण कुठलं? तिघांनाही बसवून घेतलं.